वणव्याचा धूर, बाधित फुप्फुसे आणि भरपाईचा दावा : कायद्यात वाट कोठे सापडते?

भिलाई-३ (जि. दुर्ग, छत्तीसगड) : मोहाची फुले गळू लागली की छत्तीसगडच्या जंगलांतून धुराचे लोट दिसू लागतात. झाडाखालचा पाला जाळला म्हणजे जमीन मोकळी होते आणि पहाटे पडलेली फुले वेचणे सोपे जाते. पुढे तेंदूच्या झुडपांना नवी कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. त्यांतील काही आगी वेचणाऱ्यांच्या हातून निसटतात आणि त्यांचा वणवा होतो. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ अग्निहंगाम मानते. या चार महिन्यांत बालोद, धमतरी, कांकेर, कबीरधाम या पट्ट्यांतील धूर वाऱ्याबरोबर मैदानी भागाकडे सरकतो. हावडा-मुंबई लोहमार्गावरील भिलाई-३ व चरोदा येथे पोहोचेपर्यंत त्यात कारखान्यांची धुराडी, रेल्वे यार्ड, वीजनिर्मिती आणि उघड्यावर जळणारा कचरा यांचा धूर मिसळलेला असतो.

अशा धुराने दमा बळावला, रुग्णालयात भरती व्हावे लागले, मजुरी बुडाली, किंवा घरातील वृद्धाचा मृत्यू ओढवला, तर त्याची भरपाई कोणाकडे मागायची? केवळ वणव्याच्या धुरामुळे झालेल्या आजारासाठी नुकसानभरपाई ठरवणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. मात्र दाव्याचे मार्ग आहेत. ते चार-पाच निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले असून प्रत्येकाची मुदत, शुल्क आणि पुराव्याची अपेक्षा वेगळी आहे.

दंड आणि भरपाई

या विषयात सर्वाधिक गोंधळ दंड आणि भरपाई या दोन शब्दांचा होतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ व ३३ नुसार आरक्षित वा संरक्षित वनात आग लावणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३० ने अभयारण्यात आग लावण्यास मनाई केली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ मध्ये आगीबाबतचा निष्काळजीपणा आणि कलम २८० मध्ये हवा आरोग्यास अपायकारक करणे यासाठी शिक्षा आहे. या सर्व तरतुदींत आरोपीला शिक्षा होते, दंड शासनाकडे जमा होतो. ज्याच्या छातीत धूर गेला त्याच्या हाती त्यातून सहसा काही येत नाही.

पर्यावरणीय भरपाई या नावाने आकारल्या जाणाऱ्या रकमांचेही बहुधा तसेच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये पिकांचे अवशेष जाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी दोन एकरांपर्यंत २,५००, पाच एकरांपर्यंत ५,००० आणि त्याहून अधिक जमिनीसाठी १५,००० रुपये असे दर ठरवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली परिसर व लगतच्या भागांसाठी ते दुप्पट केले. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये आकारण्याचा आदेश दिला. ही रक्कम पर्यावरणाच्या नावे जमा होते. शेजारच्या घरातील खोकणाऱ्या मुलाच्या औषधाची पावती त्यातून फिटत नाही. त्यासाठी त्या मुलाच्या पालकांनी स्वतंत्र दावा मांडावा लागतो.

हरित न्यायाधिकरणाचा मार्ग आणि त्यातील खाच

व्यक्तिगत हानीसाठी सर्वांत थेट मार्ग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १५ मध्ये आहे. प्रदूषणाने बाधित व्यक्तीला साहाय्य व भरपाई, मालमत्तेची फेड आणि पर्यावरणाचे पुनरुज्जीवन या तिन्हींचे आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. कलम १७ ने येथे दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व लागू केले आहे. प्रतिवादीने निष्काळजीपणा केला हे अर्जदाराला सिद्ध करावे लागत नाही. त्याच्या कृतीमुळे किंवा प्रक्रियेमुळे हानी झाली एवढे दाखवावे लागते. याच कलमात असेही म्हटले आहे की, हानी अनेकांच्या एकत्रित कृतींमुळे झाली असून कोणाचा वाटा किती हे काढता येत नसेल, तर न्यायाधिकरण त्यांच्यात न्याय्य पद्धतीने जबाबदारी वाटून देऊ शकते. भिलाई-३ सारख्या गावासाठी या उपकलमाचे महत्त्व मोठे आहे. तेथील हवेत एकाच धुराड्याचा धूर असण्याची शक्यता कमी, आणि "आमचाच धूर कशावरून?" हा प्रत्येक प्रतिवादीचा पहिला बचाव असतो.

वणव्याच्या बाबतीत मात्र या कायद्यात एक खाच आहे आणि ती अनेक अर्जदारांच्या लक्षात उशिरा येते. न्यायाधिकरणाचा अधिकार अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत नोंदलेल्या कायद्यांपुरता आहे. त्या यादीत जल व वायू प्रदूषणाचे कायदे, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६, वन (संवर्धन) अधिनियम, १९८०, सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ आणि जैवविविधता अधिनियम, २००२ आहेत. जंगलात आग लावण्यास मनाई करणारा १९२७ चा वन अधिनियम तिच्यात नाही. त्यामुळे वनगुन्ह्याच्या नोंदीवर उभारलेला दावा न्यायाधिकरणासमोर टिकणे कठीण जाते. अर्जदाराला आपले म्हणणे वायू प्रदूषण अधिनियम, १९८१ किंवा पर्यावरण अधिनियमाच्या भाषेत मांडावे लागते. हवेत कोणते कण किती वाढले, ते प्रमाणापेक्षा किती अधिक होते आणि ते रोखण्याचे वैधानिक कर्तव्य कोणाचे होते, हे त्यात यावे लागते.

मुदतीचाही हिशेब आहे. कलम १५ खालील भरपाईचा अर्ज दाव्याचे कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करता येतो. पुरेसे कारण दाखविल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. पर्यावरणविषयक अन्य वादासाठी कलम १४ खाली मात्र केवळ सहा महिने आणि वर ६० दिवस आहेत. एप्रिलमधील धुराविरुद्ध प्रतिबंधक आदेश मागायचा आणि भरपाईही मागायची, असा दुहेरी विचार असेल तर पहिल्या मागणीची खिडकी त्याच वर्षी बंद होते.

छत्तीसगड हे न्यायाधिकरणाच्या भोपाळ येथील मध्य विभागीय पीठाखाली येते, तर महाराष्ट्र व गोवा पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाखाली. वणव्याला राज्याची सीमा ठाऊक नसते. गडचिरोली आणि छत्तीसगडची जंगले एकमेकांना लागून आहेत. अशा वेळी दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः जेथे उद्भवले तेथील पीठाकडे अर्ज करता येतो. धूर अंगावर घेणाऱ्याचे गाव हा त्या कारणाचा भाग ठरतो.

भरपाई मागणाऱ्या अर्जाचे शुल्क मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान १,००० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते द्यावे लागत नाही. मागणी मृत्यू, अपंगत्व, वैद्यकीय खर्च, बुडालेली मजुरी अशा अनुसूचीत दिलेल्या शीर्षकांनुसार स्वतंत्रपणे मांडणे बंधनकारक आहे. "पाच लाख रुपये मिळावेत" अशी एकत्रित मागणी अपुरी ठरते. निर्णयाविरुद्ध ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

या विषयावर न्यायाधिकरणाला सुरक्षा देण्याच्या दृष्टीने पूर्वी एकदा आदेश द्यावा लागला आहे. २०१६ मध्ये उत्तराखंड व हिमाचल प्रदेशातील वणव्यांनंतर दिल्लीतील एका वकिलाने केलेल्या अर्जावर २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने केंद्राला वणव्यांविषयी राष्ट्रीय धोरण आखण्यास सांगितले. २०१८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. त्या निकालाचा भर प्रतिबंधावर होता. धूर अंगावर घेतलेल्या गावांतील व्यक्तींच्या भरपाईची मोजणी त्यात झाली नाही.

देवनारचा धूर

मराठी वाचकांना या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण जंगलात नव्हे, मुंबईत सापडते. १९२७ पासून वापरात असलेल्या, १३२ हेक्टरांवर पसरलेल्या देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ च्या अखेरीस आग लागली. तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर परिसरातील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१६ अखेर मुंबई उच्च न्यायालयाने घनकचऱ्याची विल्हेवाट नियमांप्रमाणे होत नसल्याचे पाहून शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. पुनर्विकासाची कामे तिच्यातून वगळली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी अटींसह शिथिल केली.

त्या आदेशांत शासन, महापालिका आणि बांधकाम क्षेत्र यांच्यावर दबाव होता. गोवंडीतील दमेकऱ्याचे औषधाचे बिल त्यात नव्हते. मात्र पुढे देवनारमधूनच एक महत्त्वाचा न्यायनिर्णय निघाला. कचराभूमीवरील टोळ्यांविषयीच्या एका वृत्तलेखाची हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली व महापालिकेला पाच कोटी रुपये भरण्यास सांगितले. न्यायाधिकरणाला असा अधिकारच नाही, असे म्हणत महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाला स्वतःहून दखल घेण्याचा अधिकार आहे असा निर्वाळा दिला. वकील परवडत नसलेल्या वस्तीच्या दृष्टीने हे लहान पाऊल नव्हे. एखादी बातमी किंवा पत्रही दखलीचे कारण होऊ शकते.

मार्च २०२३ मध्ये कोचीजवळच्या ब्रह्मपुरम कचराभूमीला लागलेली आग सुमारे बारा दिवस धुमसत राहिली. न्यायाधिकरणाने कोची महापालिकेला १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले आणि उपाययोजनांत बाधितांच्या आरोग्याचाही समावेश असावा, असे नमूद केले. नंतर केरळ उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. धुराने बाधित माणसांचे आरोग्य आदेशाच्या मजकुरात आले, ही त्यातील नोंद घेण्याजोगी गोष्ट.

वणव्यामागे कोण?

कचराभूमीचा मालक ठाऊक असतो. वणव्याचा नसतो, आणि दावे बहुधा येथेच अडखळतात. काडी कोणी लावली हे समजत नाही. समजले तरी तो मोह वेचणारा भूमिहीन आदिवासी असतो, ज्याच्याकडून भरपाई वसूल होण्याचा प्रश्नच येत नाही. त्यातही १९२७ च्या अधिनियमाच्या कलम २६ नुसार, आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लावली गेल्यास राज्य सरकार त्या वनातील चराई व वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकते. म्हणजे एकाच्या चुकीसाठी संपूर्ण गावाची उपजीविका थांबू शकते, आणि तरीही शहरातील रुग्णाला त्यातून एक रुपया मिळत नाही. या तरतुदीचा बडगा दुर्बळांवर पडतो, हे तिच्यावरील जुने आक्षेप चुकीचे म्हणता येणार नाहीत.

म्हणून धुराच्या दाव्यात खरा प्रतिवादी बहुधा शासन असते. वनखात्याने जाळरेषा वेळेवर साफ केल्या का, हंगामी अग्निरक्षक नेमले का, आगीची सूचना मिळाल्यावर किती तासांत पथक पोहोचले? ही माहिती मिळविणे अवघड नाही. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून टिपलेल्या आगीच्या बिंदूंची सूचना राज्यांना पाठवते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन संवेदकांपैकी एकाची अचूकता सुमारे एक किलोमीटर, तर दुसऱ्याची ३७५ मीटर आहे. माहितीच्या अधिकारात या सूचनेची वेळ आणि क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या अहवालाची वेळ दोन्ही मागता येतात. त्यांतील अंतर हाच निष्काळजीपणाचा पुरावा होऊ शकतो.

शासनावरील दाव्यात सार्वभौम अधिकाराचा जुना बचाव अजूनही मांडला जातो. १९६५ च्या कस्तुरीलाल प्रकरणात तो मान्य झाला होता. परंतु १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालानंतर घटनेच्या कलम २१ चा भंग झाल्यास उच्च न्यायालय थेट भरपाई देऊ शकते आणि तेथे हा बचाव चालत नाही. स्वच्छ हवेचा हक्क जीविताच्या हक्कात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुभाष कुमार प्रकरणात सांगितले. मार्च २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क न्यायालयाने कलम १४ व २१ मध्ये पाहिला. त्याआधी १९८० मध्ये मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात न्यायालयाने बजावले होते की, पैसे नाहीत ही सबब सार्वजनिक आरोग्याच्या कर्तव्यातून सुटका देत नाही. छत्तीसगडसाठी असा अर्ज बिलासपूरच्या उच्च न्यायालयात करावा लागेल.

२५ नोव्हेंबर २०१९ रोजी दिल्लीतील धुक्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना विचारले होते की, खराब हवेने बाधित व्यक्तींना भरपाई देण्यास तुम्हाला जबाबदार का धरू नये? प्रश्न विचारला गेला, हेच त्या आदेशाचे मोल. त्यातून प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचणारी भरपाईची योजना उभी राहिली नाही.

वणव्याला ओळखता येणारा कर्ता असतो तेव्हा चित्र पालटते. जंगलातून जाणाऱ्या वीजवाहिनीची ठिणगी, खाणीची यंत्रे, एखादी बेफिकीर कंपनी. जिवंत तारेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूबद्दल मध्य प्रदेश विद्युत मंडळाला २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कठोर दायित्वाच्या तत्त्वावर जबाबदार धरले होते. तार कशी पडली याची सबब न्यायालयाने ऐकली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नोव्हेंबर २०१८ चा वणवा वीज कंपनीच्या वाहिनीतून भडकला. त्यात ८५ जणांचा मृत्यू झाला आणि कंपनीने वणवापीडितांसाठी साडेतेरा अब्ज डॉलरची तडजोड केली. ठिणगी कोणाची हे ठाऊक होते म्हणूनच ती शक्य झाली.

धूर घेतलेल्या गावाचे सर्वांत जुळणारे परदेशी उदाहरण मात्र ऑस्ट्रेलियाचे आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात बाहेरून आलेल्या वणव्याने हेझलवूड येथील उघड्या लिग्नाइट खाणीला आग लावली. ती ४५ दिवस पेटत राहिली आणि शेजारच्या मॉर्वेल गावावर राख व धूर साचला. बाहेरून आलेली आग ही खाणचालकाची सबब ठरली नाही. न्यायालयाने सुरक्षेच्या नियमांचा भंग मानून २०२० मध्ये कंपनीला सुमारे १५ लाख ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कोळसा, वणवा व वस्ती यांची ही जुळणी मध्य भारतातील खाणपट्ट्यांनाही अपरिचित नाही.

इंडोनेशियात याच विषयाचा शेवट वेगळा झाला. २०१५ च्या धुरानंतर मध्य कालिमंतानमधील नागरिकांनी सरकारवर दावा केला. २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरून धूरग्रस्तांसाठी वैद्यकीय सोयी उभारण्याचे आदेश कायम केले. पुढे २०२२ मध्ये पुनर्विचारात तो निर्णय बदलला गेला.

आजार धुरामुळेच, हे दाखवायचे कसे?

न्यायालयात बहुतांश दावे कार्यकारणभावावर हरतात. दमा, हृदयविकार, दीर्घकालीन श्वसनरोध यांची कारणे अनेक. भिलाई-३ चा रहिवासी वर्षानुवर्षे औद्योगिक धूळ श्वासात घेत असेल आणि विडीही ओढत असेल, तर एप्रिलमधल्या आठवड्याचा वाटा वेगळा काढणे कठीण. बाकी अडथळ्यांपेक्षा हा मोठा, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य.

वणव्याच्या धुरातील सर्वाधिक घातक घटक म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. भारतीय मानकानुसार २४ तासांत ते घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. त्याखेरीज कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलिन व बहुवलयी हायड्रोकार्बन असतात. भिलाईत हाथखोज, ३२ बंगला व सिव्हिक सेंटर येथे हवेची सतत मोजणी करणारी केंद्रे आहेत. घटनेच्या दिवसांची त्यांची तासागणिक आकडेवारी, उपग्रहाने टिपलेली आग आणि वाऱ्याची दिशा एकत्र ठेवली, तर धूर कोठून आला याचा बऱ्यापैकी पट उभा राहतो. वेबवरून काढलेल्या अशा नोंदी न्यायालयात वापरायच्या तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. ते नसेल तर तक्ता केवळ कागद राहतो.

वैद्यकीय पुराव्यात वेळ महत्त्वाची. कार्बन मोनॉक्साइडचा अंश रक्तात हवेत श्वास घेताना चार ते सहा तासांत निम्मा होतो. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत तो सापडत नाही. स्पायरोमेट्री, पल्स ऑक्सिमीटरच्या नोंदी, तातडीच्या विभागाचा कागद, पंपाची चिठ्ठी, सगळ्यांवर तारीख हवी. डॉक्टरने केवळ "दमा" न लिहिता धुराच्या संपर्कानंतर लक्षणे वाढल्याचे नोंदवले तर त्या एका ओळीचे मोल पुढे शपथपत्रापेक्षा अधिक ठरते. १९८४ पूर्वीचा वा नंतरचा कोणताही अनुभव न घेता, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि त्या तीन वर्षे जपायच्या असतात. तीन वर्षांनंतर जागे होणाऱ्या अर्जदाराला पाच वर्षांची मुदत असूनही हातात कागद नसतो.

भोपाळने हाच धडा फार मोठ्या किमतीत दिला. १९८४ च्या वायुकांडानंतर १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. पाच लाखांहून अधिक दावेदारांपैकी बहुसंख्य "तात्पुरती इजा" या वर्गात बसवले गेले आणि त्यांच्या वाट्याला २५,००० रुपये आले. त्या वर्गात टाकण्यामागचे एक कारण नोंदींचा अभाव हेच होते. मार्च २०२३ मध्ये वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली उपचारात्मक याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. याउलट विशाखापट्टणमजवळ ७ मे २०२० रोजी झालेल्या वायुगळतीत न्यायाधिकरणाने दुसऱ्याच दिवशी कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला सांगितले. तेथे गळतीचे ठिकाण आणि वेळ यांबाबत वाद नव्हता. भिलाईतही १२ जून २०१४ रोजी इस्पात कारखान्यात वायुगळती होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. अशा अपघातात वायू, जागा, वेळ सर्व ठरलेले असते. वणव्याच्या धुरात यांतले काहीच ठरलेले नसते.

लंडनमधील एका नऊ वर्षांच्या मुलीचा २०१३ मध्ये दम्याने मृत्यू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तेथील मृत्युन्वेषण अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूला वाहतुकीच्या धुराने हातभार लावल्याचे नोंदवले. त्या प्रकरणात हवेची मोजणी आणि रुग्णालयातील भरतीच्या तारखा जुळवल्या गेल्या होत्या. भारतीय अर्जदारासाठी ही पद्धत उपयोगी आहे : आजाराचा दिवस आणि हवेचा दिवस एकाच तक्त्यात मांडणे.

आग विझवणारे आणि खर्चाचा प्रश्न

धूर सर्वाधिक घेतो तो आग विझवणारा. हंगामी अग्निरक्षक, वनमजूर आणि वन अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे मदतीस बांधील असलेले वनहक्कधारक गावकरी पाला व ओल्या फांद्यांनी आग झोडपतात. न्यायाधिकरण अधिनियमातील दोषनिरपेक्ष दायित्वाचे कलम कामगाराच्या इजेला लागू नाही. त्याच्यासाठी १९२३ च्या कर्मचारी भरपाई अधिनियमाने आखलेली आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतलेली वाट आहे. कामाच्या ओघात व कामामुळे इजा झाली हे दाखवले की मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. जुन्या अधिनियमात मागणीची मुदत दोन वर्षे होती. हजेरीपत्रकावर नाव नसलेला रोजंदारी अग्निरक्षक मात्र पहिल्याच पायरीवर अडखळतो, म्हणून मजुरीच्या नोंदी, बँक खात्यातील जमा आणि पथकाचे छायाचित्र यांना महत्त्व आहे.

दिवाणी न्यायालयाचा मार्ग अरुंद झाला आहे. न्यायाधिकरण जे ठरवू शकते त्याविषयी दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम २९ ने काढून घेतले आहेत. सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दोन किंवा अधिक व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने दावा करू शकतात. दंडाधिकाऱ्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव हटवण्याची मागणी करता येते. दोन्हींत धूर थांबतो, भरपाई अपवादाने मिळते. दाव्यातील मृत्यूबाबत १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाची दोन वर्षांची मुदतही लक्षात ठेवावी लागते.

खर्चासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ उपयोगी आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि सामूहिक आपत्तीचे बळी यांना त्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. दुर्ग जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी साधा अर्ज पुरेसा आहे. भिलाई-३ मधील अर्जदाराने त्या अर्जासोबत औषधाच्या पावत्या, भरतीचे कागद, मजुरीचा दाखला आणि धुराच्या दिवसांची हवेची आकडेवारी जोडली तर भोपाळच्या पीठापर्यंतचा प्रवास तेथूनच सुरू होतो. भरपाईचा आदेश झाल्यास, पर्यावरण साहाय्य निधीत जमा होणारी रक्कम निधीच्या प्राधिकरणाकडे ३० दिवसांत पाठवावी लागते आणि तेथून ती अर्जदाराला दिली जाते.